दोन पेशी आणि सरांचा हात

नगरच्या आमच्या कॉलेजात फिजिक्सच्या विभागातून वर्षाकाठी एखादा पेपर निघतो, किस्से मात्र रोज निघतात. पेपर कुणी वाचत नाही. किस्से लोक चहा पाजून ऐकतात!

*

आमचे सर मेंदूतल्या दोन पेशी कॉम्प्युटरवर जोडतात आणि त्या एका तालात कधी येतात ते बघतात. मी, रूपाली आणि पोपट त्यांचे पीएचडीचे विद्यार्थी. पहिल्याच दिवशी सरांनी नियम सांगितला, "एक पेशी बोलली आणि लगेच दुसरी बोलली, तर मधला सांधा घट्ट होतो. दुसरी आधीच बोलून बसली, तर सैल."

नेवाशाच्या रूपालीचं नुकतंच लग्न झालेलं. ती म्हणाली, "सर, हे तर सासूबाईंचं आणि माझंच!"

सर म्हणाले, "छे! तुझ्या मॉडेलमध्ये दुसऱ्या पेशीला बोलायची सोयच नाही!"

*

एकदा सरांनी फळ्यावर लाट काढली. रेघ सगळी दातेरी आली. रूपालीने ती तशीच उतरवून घेतली आणि विचारलं, "सर, यात नॉइज किती धरायचा?"

सर स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिले. "हा नॉइज नाही गं. नॉइजला ताल नसतो. हा फार तालात हलतोय."

सरांना कंपवात झाला होता. मेंदूतल्या पेशींनी आपापल्या वेळेला बोलायचं असतं. सरांच्या पेशी एकदम बोलायला लागल्या होत्या. जन्मभर ज्याचा अभ्यास केला, तेच अंगात शिरलं.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "आता उलटं काम. एका तालात अडकलेल्या पेशींचा सांधा सैल करणारा नियम शोधायचा. माझ्याच्याने टायपिंग होतंय तोवर!"

*

तेव्हापासून विभागात सगळेच अर्धा कप चहा घेतात. भरलेला कप सरांच्या हातून सांडायचा. तसं कुणी ठरवलं नव्हतं, आपोआप झालं.

नवीन आलेले एक प्राध्यापक म्हणाले, "एवढी कंजुषी?"

पोपट म्हणाला, "काय करता सर, सगळ्यांनाच शुगर आहे!"

*

हा पोपट भंडारदऱ्याकडचा. एका दुपारी तो ओरडलाच, "सर, लई भारी! पेशी सुटल्या!"

सर धडपडत उठून आले. स्क्रीनवर दोन्ही पेशी खरंच आपापल्या तालात चालल्या होत्या. सरांनी प्रोग्रॅम वरून खाली वाचला. पोपट पेशी जोडायलाच विसरला होता!

"गड्या, लग्न न लावताच घटस्फोट मिळवलास की!"

आम्ही पोट धरून हसलो. सरही हसले. मग हात मांडीखाली दाबून प्रोग्रॅम पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले.

*

पुढे एकदा ते खरंच जमलं. या वेळी पेशी जोडलेल्या होत्या, पोपटने आधी तेच तपासलं. नव्या नियमाने सांधा सैल होत गेला आणि दोघी सुट्या झाल्या. आम्ही पेढे आणले, सरांच्या पत्नीला, आमच्या काकूंना, बोलावून घेतलं. तोवर सरांचं टायपिंग बंद झालं होतं.

सरांनी पेढा उचलला, तो खाली पडला. काकूंनी दुसरा घेऊन त्यांना भरवला आणि विचारलं,

"सुटल्या म्हनं पेशी?"

"सुटल्या."

"तुमच्याच नियमानं?"

"व्हय."

"मग आता हाताला बी तसंच सांगा की ओ."

सरांनी तो हात काकूंच्या ओंजळीत ठेवला. "माझं ऐकत न्हाई त्यो. तू सांगून बघ."