थोरलीची हरकत

चार टेकड्यांवर चार वस्त्या आणि मध्ये दरीत कचेरी, अशी ती ग्रामीण भागातली छोटी नगरपालिका. वरच्या वस्तीत थोरली आणि तिची धाकटी जाऊ शेजारी शेजारी राहत. थोरली कपडे शिवायची. धाकटी सदस्य म्हणून निवडून आली आणि थोरलीच्या पोटात जे दुखायला लागलं, ते काही केल्या थांबेना. जिला आपण सुईत दोरा ओवायला शिकवलं, तिला लोक आता मॅडम म्हणतात! गिऱ्हाइकाने धाकटीचं कौतुक केलं की हिचं मशीन उगाच खडखडायचं.

थोरलीला खरं तर एकच हवं होतं, नळ. विहीर दरीत. भरल्या कळशीने चढ चढताना तिचे गुडघे रडकुंडीला येत.

एक दिवस कचेरीची माणसं आली आणि धाकटीच्या परसात नळासाठी चुन्याची रेघ ओढू लागली. थोरलीने खिडकीतून पाहिलं. रेघ लाकडांच्या ढिगाआड गेली, पुढचं दिसलं नाही. बघायची गरजही वाटली नाही. वाढणारीच आपल्या पानात वाढून घेतेय, दुसरं काय!

कचेरीतला रिवाज असा, की काम सभेत वाचायचं आणि वस्तीतल्या कुणीही हरकत घेतली की ते यंदापुरतं बाद. हरकत मागे घेता येत नसे, कारण पूर्वी लोक दम देऊन ती मागे घ्यायला लावत.

कारकून वाचू लागला, "वरच्या वस्तीचा नळ. सदस्याबाईंच्या परसातून..."

"हरकत!" थोरली उठलीच. "सदस्य झाली म्हणून नळ घरात नेणार होय? आम्ही काय डोळे मिटून बसलोय?"

कारकुनाने चष्मा सावरून उरलेलं वाचलं. "...शेजारच्या शिवणवाल्या बाईंच्या दारापर्यंत. दुसऱ्या बाजूला खडक आहे. परसातली जागा सदस्याबाईंनी फुकट दिली."

थोरलीचं तोंड एवढंसं झालं. "मग घेते की मी हरकत मागे!"

"तसं होत नाही, बाई," अध्यक्ष म्हणाले. यंदाचा नळ पलीकडच्या टेकडीला गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर धाकटीने थोरलीची भरलेली कळशी उचलून आपल्या कमरेवर घेतली.

"द्या ताई. तुमचे गुडघे दुखतात."

चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. रिकाम्या हातांनी मागून चढताना थोरलीचा जळफळाट काही थांबेना. मेली चांगुलपणातही पुढे निघून गेली!