कोरा समास

मेश्राम भेटला की आधी समुद्राची तब्येत सांगायचा. सौसरच्या आमच्या कृषी कार्यालयात रोज सकाळी पर्जन्यमापक वाचायचं काम त्याच्याकडे होतं. जन्मात समुद्र पाहिला नव्हता. पण प्रशांत महासागराचं पाणी किती तापलं, हे मोबाइलवर पाहून तो पावसाच्या नोंदवहीच्या समासात पेन्सिलीनं लिहायचा. मी त्याचा अधिकारी. मला ती खरड वाटायची.

दर काही वर्षांनी ते पाणी तापतं, पुन्हा निवतं, आणि आपला पाऊस त्याप्रमाणे हलतो, हे त्यानंच मला सांगितलं. "तिकडं पाणी तापलं का ढगाइचा बाजार तिकडंच भरते, साहेब. आपल्याकडं उरलंसुरलं येते." लगेच जोडायचा, "येतच नाही असं नाही. भरोसा कमी होते."

त्या उन्हाळ्यात रामाकोन्याच्या सभेत मी संत्रावाल्यांना सांगितलं होतं, मृग बहारासाठी पाणी बंद करा, झाडांना ताण द्या. तहानलेलं झाड पावसाबरोबर फुलतं, ही आमच्याकडची रीतच. पंधरा दिवसांनी पुन्हा सभा झाली. मेश्राम न विचारता उभा राहिला. "औंदा समुद्र तापून राहिला. विहिरीत हाये तेवढं पाणी आजच झाडाले द्या. बहार गेला तरी झाड राहीन."

माझा सल्ला सर्वांसमोर खोटा पडत होता. मी म्हणालो, "मेश्राम, तुह्या समुद्रातून इथवर पाइप टाकला का रे?" सगळे हसले. तो बसला.

जुलै अर्धा सरला तरी पाऊस नव्हता. ताणावरची झाडं उभ्या उभ्या वाळली. वरून विचारणा आली, पूर्वसूचना कोणी दिली होती का? मी 'नाही' लिहिलं आणि नोंदवहीचा समास रबरानं पुसला. दुसऱ्या सकाळी मेश्रामनं वही उघडली, त्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं, पावसाच्या रकान्यात शून्य लिहिलं. समुद्राविषयी तो माझ्याशी पुन्हा बोलला नाही.

गेल्या हिवाळ्यात मेश्राम वारला. तेव्हापासून मला घरात बसवत नाही. परवा रामाकोन्याला, त्या सभेतल्या डोमाजीकडे गेलो. त्याची बाग तेव्हा गेली, आता तिथं कापूस आहे. बांधाकडेला थोडी नवी संत्री. मी त्याला रबरासकट सगळं सांगितलं आणि शिव्यांची वाट पाहत उभा राहिलो.

डोमाजीनं एका झाडाची वाळकी फांदी मोडली. मग विचारलं, "औंदा समुद्र कसा हाये, साहेब?"

मी पाहून आलो नव्हतो.