शेंगाचटणीवाल्या काशम्माची नात

भवानी पेठेत काशम्माच्या शेंगाचटणीला नावं ठेवायची कुणाची छाती नव्हती. उखळात दाणे, लसूण, तिखट टाकून तेल सुटेपर्यंत कांडायची आणि वर ऐकवायची, "ताप असू दे, रुसवा असू दे, भाकरीवर माझी चटणी घ्या. जातंय की पळून!"

नात रुद्राणी दहा महिन्यांची झाली तेव्हा सुनेची नजर चुकवून तिनं पोरीला दाण्याच्या कुटाचं बोट चाटवलं. पोर भडाभडा ओकली, अंगभर गांधी उठल्या. काशम्मानं मीठमोहऱ्या ओवाळल्या आणि दृष्ट लावली म्हणून शेजारच्या दगडाबाईशी महिनाभर अबोला धरला. सून गौरम्मानं मात्र पोरीचे दाणे कायमचे बंद केले.

चौऱ्याहत्तर साली रुद्राणी सहा वर्षांची होती. गौरम्मा मंद्रूपला माहेरी गेलेली. घरच्या चटणीला घरचीच नात परकी, हे काशम्माच्या जिवाला लागलेलं. तिनं चटणी लावून एकच घास भरवला.

"अज्जी, गळ्यात काय तर अडकलंय."

बघता बघता ओठ सुजले, आवाज घोगरा झाला, श्वासातून शिट्टी वाजायला लागली. काशम्माचा हात मिठाकडे गेला, तसाच मागं आला. लग्नानंतर कधी न पळालेली बाई पोरीला कडेवर घेऊन अनवाणी दवाखान्यापर्यंत पळाली.

इंजेक्शननं श्वास मोकळा झाला. त्रास पुन्हा उसळला तर पोर हाताशी असावी म्हणून डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. म्हणाले, "शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. एक दाणासुद्धा द्यायचा नाही."

"माझं दाणं निवडलेलं असत्यात, डाक्टर!"

"दाण्यात खोट नाही, आजी. पोरीला सोसत नाहीत."

पोरीचा सुजका ओठ बघून काशम्माला स्वतःच्या हाताची चीड आली. दुसऱ्याच दिवशी उखळ घरातून हललं. पण ठेवायचं कुटं? दगडाबाईच्या अंगणात!

"दृष्टीचा आळ घेतला, आन् आता बरी आठवले हो मी?" दगडाबाईनं विचारलं.

"चुकलं की माझं," काशम्मा म्हणाली. दगडाबाईनं तिला ते दोनदा म्हणायला लावलं, मगच उखळाला जागा दिली.

तेव्हापासून कांडण झालं की हातपाय धुऊन, लुगडं बदलूनच ती घरात शिरायची. शाळेतल्या बाईंनाही बजावून आली. चटणी घ्यायला येणाऱ्यांना आधी अर्धा तास 'अलर्जी' ऐकावी लागे.

पुढच्या संक्रांतीला दगडाबाईची चौदा वर्षांची अनसूया नुसत्या तिळाचा लाडू खाऊन मनगटं खाजवत अंगणाच्या कोपऱ्यात बसली. "काय न्हाय, गरगरतंय जरा," म्हणून तोंडावर पदर. काशम्मानं मुसळ टाकलं, पदर ओढला. ओठ फुगलेले.

"बारकं पोर रडून तर सांगतंय, ही लाजून मरंल! टांगा बोलवा!"

दवाखान्यात तिनं डॉक्टरांना तोंड उघडू दिलं नाही. "अलर्जीच हाय. दाणं न्हाय, तीळ. इंजेक्शन काढा."

डॉक्टरांनी पोरीला तपासलं आणि खरंच काढलं. अनसूया सावरल्यावर हसत म्हणाले, "आजी, तुम्ही आता इथंच बसत जा."

काशम्माला ते खरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी धुवट लुगडं नेसून ती दवाखान्यात हजर! कंपाउंडरनं समजूत घालून तिला परत पाठवेपर्यंत बाकावरच्या तीन आयांना, पोरं काय काय खातात, हे तिनं विचारून घेतलं होतं.