सोंडेवरचा मोर

लढाई संपत आली होती तेव्हा भिंगारच्या लष्करातला एक साहेब बदली होऊन निघाला आणि त्याच्या सामानाचा लिलाव झाला. लोकांनी पलंग घेतले, खुर्च्या घेतल्या. माझ्या वडिलांनी ग्रामोफोन उचलला, आणि तोही गाण्यासाठी नाही. ते मिशनच्या शाळेत ड्रॉईंग शिकवत. त्यांचा जीव जडला तो तबकडीवर सुई धरणाऱ्या निकेलच्या दांड्यावर. मागे जाडसर, पुढे निमुळता होत गेलेला आणि टोकाशी हंसाच्या मानेसारखा वळलेला. आम्ही त्याला सोंड म्हणायचो. ही रेघ एका दमात ओढलेली आहे, असं ते येईल त्याला समजावून सांगत. पाहुणा बिचारा गाणं ऐकायला आलेला असे.

आईला रेघेचं काही नव्हतं. तिच्याकडे एक तबकडी होती आणि ती वाजवायला यंत्र नव्हतं, एवढंच तिचं दुःख होतं. तिचा भाऊ, म्हणजे माझा मामा, शेवगावकडे शाळामास्तर होता आणि चर्चमध्ये भजनं म्हणायचा. एकदा मुंबईला जाऊन त्यानं एक भजन तबकडीवर भरलं आणि पुढच्याच वर्षी तापानं गेला. त्याचा फोटोसुद्धा मागे नव्हता. रविवारी उपासनेहून आलो की आई पदर सावरून यंत्रासमोर बसायची. भाऊ गात असताना चुलीवर काही करपलं तरी ती उठायची नाही.

वडिलांना वाटलं, या भजनासाठी सोंड सजवावी. तो त्यांचा स्वभावच. दौतीचं बूचसुद्धा त्यांनी कधी साधं राहू दिलं नाही. नगरच्या एका तांबटाकडून त्यांनी पितळेचा मोर करून घेतला. अंगठ्याएवढा, पिसारा मिटलेला, पण भरीव. तो त्यांनी सोंडेच्या पुढच्या वळणावर, सुईच्या बरोबर वर बसवला. मोर सुरेख होता, हे मी आजही नाकारत नाही. आई तो बघून हसली आणि वडील धन्य झाले. आमच्या घरात एकमेकांच्या मनातलं न बोलता कळतं, असा सगळ्यांचा समज होता. त्या समजाचा मला आता राग येतो.

मी तेव्हा मास्तरणीच्या ट्रेनिंगला होते. सुट्टीत घरी आले, त्या रविवारी तबकडी लागली आणि नुसती खरखर ऐकू आली. मधूनच एखादा सूर वर यायचा आणि बुडायचा. आई मात्र डोळे मिटून नेहमीसारखी मान हलवत होती. वडिलांनी मला हळूच विचारलं, तुला शब्द कळतायत का? मी नाही म्हटलं.

त्यांनी तबकडी काढून खिडकीशी नेली. लिलावात यंत्राबरोबर आलेल्या बाकीच्या तबकड्या काळ्याभोर होत्या, ही झिजून राखेसारखी झाली होती. लढाई संपली तरी सुया मिळेनात म्हणून आम्ही त्याच त्या वापरत होतो, ते होतंच. पण बाकीच्या तबकड्या कधीमधीच लागायच्या. ही दर रविवारी त्या मोराखाली फिरत होती. वडिलांनी सोंड दोन बोटांवर तोलून पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. ज्या रेघेवर ते भाळले होते तिला हलकेपणानंच शोभा होती, हे त्यांच्याइतकं कोणाला कळायला हवं होतं?

"तुला कधी कळलं हे?" त्यांनी आईला विचारलं.

"मोर बसल्यापास्नंच. सुई लई दाबायला लागली. आवाज बसल्यावानी व्हायला लागला."

"मग सांगायचं नाही का?"

"तुमी किती हौसंनं बसवला व्हता, माज्या भावासाठीच ना? काडा म्हनायला जीभ उचलंना. अन् ऐकल्याबिगर ऱ्हाववत बी न्हवतं."

वडिलांनी सोंड हळूच खाली ठेवली.

"अगं, काढला असता गं मी," ते म्हणाले. "लगेच काढला असता."

मग त्यांनी पेचकस घेतला. मोर एकाच स्क्रूवर होता. आईनं त्यांच्यापुढे ठेवलेला चहा निवायच्या आत तो निघाला.