शिंग वाजायच्या आत

त्या वर्षी आमच्या मुरुडच्या कोळीवाड्यात ज्याला त्याला भविष्य कळू लागलं होतं. दसरा उलटला, नावा पुन्हा पाण्यात लोटल्या, तरी बोलणं मासळीचं नव्हतं, शर्यतीचं होतं. कोर्लईहून निघायचं, बोर्ली, काशीद, नांदगाव करत किनाऱ्याकिनाऱ्याने मुरुड गाठायचं. पहिला कोण येणार आणि जुनी वेळ मोडणार की नाही, यावर विहिरीपासून मशिदीच्या कट्ट्यापर्यंत एकच काथ्याकूट चाले.

जुनी वेळ एका डाकवाल्याची होती. तो बिचारा कधीच म्हातारा होऊन खाटेवर पडला होता, पण त्याच्या पायांची वेळ अजून कुणाला मोडता आली नव्हती. यंदा शर्यत भरवणारे मुंबईचे साहेब म्हणाले, ही वेळ मोडेल त्याला मी मुंबईला नेतो, गोदीत काम देतो आणि मोठ्या शर्यतींत पळवतो. वेळ कशी कळणार, तर साहेबांच्या हातात घड्याळ. जुनी वेळ भरली की शिंग वाजणार. शिंग वाजायच्या आत जो पोचला, तो मुंबईला.

पळणाऱ्यांत माझा नवरा होता. आमची नाव आदल्या पावसाळ्यात फुटली होती आणि तेव्हापासून हे दुसऱ्याच्या नावेवर खलाशी म्हणून जात. नाव चालवणाऱ्या तांडेलाच्या मुलाने दुसऱ्याच्या नावेतलं पाणी उपसायचं, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण जेवताना मान वर होत नसे. पळणं मात्र त्यांच्या अंगातच होतं. मासळीची कावड खांद्यावर घेऊन घाट चढून बाजार गाठायचे आणि मासळी अजून ओली असायची. मला मुंबई हवी होती. एक खोली, दारात नळ आणि मान वर करून जेवणारा नवरा. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात तसं, खोलीत चूल कुठल्या भिंतीला मांडायची यावरून मी ह्यांच्याशी एकदा भांडलेही होते.

चौथीपर्यंत शिकलेली म्हणून वर्तमानपत्र वाचायचं काम माझ्याकडे. शेजारचे दुकानदार चाचा मुंबईहून येताना ते घेऊन येत. त्यात एका मुंबईकर धावपटूचं वर्णन आलं होतं. तो बूट घालून पळतो, दूध आणि बदाम खातो, आणि आमच्या शर्यतीला येणार आहे. मी वाचून दाखवलं आणि चाचांनी मान डोलावली.

"बेटी, तुझा शौहर पळतो, कबूल. पर हा आदमी पळण्याचाच धंदा करतो. तोच येईल. न आला तर ही मिशी उतरवीन."

"चाचा, वस्तरा काढून ठेवा," मी म्हटलं.

माझे सासरे दर्याची भाषा बोलत. "शर्यतीच्या आयतवारी अष्टमी हाय. सकालपासनं सुकती. पानी उतरंल, वालू घट्ट व्हईल. बूटवाल्याला वालूतलं काय कळतं? आपला पोर ओल्या रेतीवरनं येनार. येळ मोडनार म्हंजे मोडनार." सासूबाईंनी देवीला कौल लावला, तर उजवं फूल पडलं. आता कुणाला शंकाच उरली नाही. मलाही नाही, पण रात्रभर माझा डोळा लागला नाही.

शर्यतीच्या सकाळी किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला साहेबांचा मांडव पडला. वाड्यातले झाडून सारे पुरुष तिकडे. बायकांनी साहेबांसमोर कशाला, म्हणून आम्हाला किनाऱ्याच्या मध्यावर, मासळी सुकवायच्या खळ्यापाशी उभं केलं. मला राग आला, पण तिथून उत्तरेचं टोक चांगलं दिसत होतं, म्हणून गप्प बसले.

पाणी उतरत होतं. सासरे म्हणाले होते तशी रेती पाटासारखी घट्ट झाली होती. लाटा मात्र अजून पावसाळ्याचा राग धरून होत्या. तेवढ्यात रेवदंड्याकडची एक नाव किनाऱ्याला येऊ लागली. रात्रभर बाहेर असावी. माणसं तिघंच, त्यातला एक म्हातारा. उतरत्या पाण्यात ती आमच्यासमोरच रेतीला टेकली आणि पुढच्या लाटेने तिला आडवं फिरवलं. आडव्या नावेचं काय होतं ते आम्हा बायकांना सांगायला नको. चार-सहा लाटा अंगावर घेतल्या की फळ्या सुटतात. तिघेही पाण्यात उतरून नाव सरळ करू लागले. नाळेचा, म्हणजे नावेच्या नाकाचा, दोर त्यांनी किनाऱ्यावर फेकला होता. तो ओढायला कुणी नव्हतं.

"हात लावा रं कुनी! हात लावा!"

ही साद ऐकली की कोळ्याने हातातला घास टाकून धावायचं असतं. नाव कुणाची, हे विचारायचं नसतं. पण धावून जाणारे पुरुष सगळे पार मांडवाजवळ, साद न पोचेल इतके लांब. जवळ होतो आम्ही बायका. आणि आमच्या वाड्यात बाईने नावेला, नावेच्या दोराला हात लावायचा नाही. मासळी विकायची आम्ही, बाजारात भांडायचं आम्ही, पण नावेला बाईचा हात लागला तर दर्या कोपतो म्हणे. एक पोरगी पुरुषांना बोलवायला धावली. आम्ही चाळीस-एक धडधाकट बायका कमरेवर हात ठेवून पाहत राहिलो.

"आले! आले!" कुणीतरी ओरडलं.

उत्तरेच्या टोकाला हे दिसले. एकटेच! मागे कुणीच नव्हतं. ओल्या रेतीवरून असे येत होते, जणू खांद्यावर कावड आहे आणि बाजार उठायच्या आत पोचायचंय. शिंग वाजलं नव्हतं, अर्धाच किनारा उरला होता. मुंबई मला समोर दिसत होती.

"हात लावा रं!"

हे थांबले. मला वाटलं काटा मोडला. मग ते वळले आणि सरळ पाण्यात शिरले. नावेच्या मागच्या अंगाला पाठ लावून त्यांनी जोर द्यायला सुरुवात केली.

मी किंचाळले. "अवो, पळा! पळा तुमी!" त्यांनी ऐकलं, नक्की ऐकलं, कारण माझ्याकडे पाहिलं. चेहरा लालबुंद झाला होता. लाट डोक्यावरून गेली, तरी पाठ हलली नाही. त्या क्षणी मला त्या नावेचा, त्या तिघांचा आणि माझ्या नवऱ्याचा इतका संताप आला की सांगता येत नाही.

उत्तरेला दुसरा ठिपका दिसला. बूटवाला. तो मोठा होत गेला, आमच्यासमोरून गेला. त्याने नावेकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि त्याने का पाहावं? त्याला साद कुठे कळत होती? हे अजून पाण्यातच. नाव थोडी सरळ होई आणि दोर ओढायला कुणी नाही म्हणून पुन्हा आडवी पडे. ह्यांनी दोराकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"दोर!" हे ओरडले.

मी पुढे झाले. सासूबाईंनी पदर धरला. "हात नको लावू गं सूनबाय! दर्या कोपंल!"

"कोपू दे!" म्हणत मी पदर सोडवला आणि दोर उचलला. भिजलेला काथ्या होता, पहिल्याच हिसक्याला तळहात सोलले. मी टाचा रेतीत रोवल्या आणि अंग मागे टाकलं. मागून कुणीतरी दोराला हात घातला, मग आणखी कुणी. लाट आली, आम्ही ओढलं, आणि नावेचं नाक गर्रकन किनाऱ्याकडे वळलं. दोन लाटांचं काम. इतकंच होतं ते.

"आता पळा!" मी ओरडले. हे पाण्यातून निघाले आणि पळाले. माझ्या शेजारून गेले तेव्हा त्यांच्या अंगाचं पाणी माझ्या तोंडावर उडालं.

खालचं पाणी पुरतं उतरेपर्यंत दोर ताणून धरायला हवा होता. मान वळवली की पकड ढिली पडे आणि नाव पुन्हा हले. म्हणून माझं तोंड नावेकडे, दर्याकडे, आणि शर्यत पाठीमागे. मला काहीही दिसत नव्हतं. तिकडे एकदा मोठा ओरडा उठला. कुणासाठी, ते कळेना. आपण दोर आधी उचलला असता तर, एवढं एकच वाक्य डोक्यात घुमत होतं. आम्ही तिथेच तर उभ्या होतो. सुकती मोजली, वारा मोजला, बूट मोजले, देवीला विचारलं. मोकळे होते ते आमचे हात, ते कुणी मोजलेच नाहीत.

शिंग वाजलं.

माझ्या मागे कोण आहे ते मला तोवर माहीत नव्हतं. श्वास ओळखीचा वाटला. सासूबाई होत्या. त्या उंच, त्यांना मान वळवून दिसत असणार.

"आत्या, पोचले का?"

त्यांचे सुरकुतलेले हात माझ्या हातांच्या पुढे आले आणि त्यांनी दोर घट्ट आवळला.

"न्हाय पोचला," त्या म्हणाल्या. "तू दोर धर नीट."