गोकुळदासचा सलाउद्दीन

पार्से गावात गोकुळदासला न हसलेलं माणूस मी तरी पाहिलेलं नाही. त्यात मीही आले, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी गावाला नावं ठेवणार आहे, तेव्हा माझंही नाव त्यात धरावं.

तो आमचा पाडेली. दर तीन महिन्यांनी येतो, माडावर चढून नारळ पाडतो, मग घरापुढच्या बलकावातल्या सोप्यावर बसून माझ्या तांब्याच्या पेल्यातून गटागटा पाणी प्यायचा. वय एकसष्ट. जत्रांच्या दिवसांत तो मारुती मालकाच्या दशावतारी कंपनीत असतो. चाळीस वर्षं विनोदी नट, आणि चाळीस वर्षं एकच बेवडा. खरं तर दारूच्या थेंबाला कधी शिवलेला नाही. रिकामा पेला तोंडासमोर धरायचा, एक डोळा मिटायचा, आत वाकून बघायचं आणि म्हणायचं, "हेच्यान गळो पण भिजाचो नाय." एवढंच. लोक लोळतात.

त्याच्या मुलीला, सेजलला, शाळेत सगळे ‘गळो’ म्हणायचे. चौथीनंतर तिनं बापाचं एकही नाटक पाहिलं नव्हतं. लग्न होऊन हळर्णला गेली, तेव्हा सासरी सांगितलं म्हणे, बाबा नारळ पाडतात. नाटकाचं नाव काढलं नाही.

दोन वर्षांपूर्वी पाणी पिऊन झाल्यावर तो उठेचना. म्हणाला, "बाई, माका एक फावट राजा करा. चेडवान बघूक होया."

चेडू म्हणजे मुलगी, सेजल; तिनं एकदा तरी बघावं, हे कळलं. पण राजा करणारी मी कोण? तर मारुतीनं त्याला सांगितलं होतं की पुराणातले सगळे राजे कंपनीतल्या सतीशचे, राजाची कामं तोच करतो. कोणी न केलेलं आख्यान आण, त्यातला राजा तुझा. कटकट जावी म्हणून सांगितलं असणार. पण गोकुळदासनं ते खरं धरलं आणि माझ्याकडे आला, कारण मी डिचोलीला पस्तीस वर्षं इतिहास शिकवला.

मी त्याला जेरुसलेमची युद्धं सांगितली. वर्गात अर्ध्या तासात उरकावी लागायची, त्याचा राग होताच. युरोपातले राजे अंगरख्यावर खुरीस, म्हणजे क्रूस, शिवून निघाले, दोनशे वर्षं येत राहिले. दोन्हीकडचे देवाचं नाव घेऊन एकमेकांची मुंडकी उडवत राहिले. गोकुळदास जांभया देत होता. मग मी हत्तीनची लढाई सांगितली. ख्रिस्ती सैन्य पाण्यावाचून तडफडून हरलं, त्यांचा राजा कैद होऊन सलाउद्दीनपुढे आला आणि सलाउद्दीननं त्याला बर्फाचं पाणी दिलं. त्यांचा रिवाज असा की कैद्याला आपल्या हातानं पाणी पाजलं, की मग त्याला मारायचं नाही.

गोकुळदास ताठ बसला. "पेलो कोणाच्या हातात?"

"सलाउद्दीनच्या."

"मगे मी सलाउद्दीन."

एवढी शिकलेली मी, मला त्यात मोठं मन दिसलं, औदार्य दिसलं. पेला दिसला नाही.

दशावतारात संहिता नसते, कथा ठरते आणि बोलणं ज्याचं त्यानं करायचं. तरी एक वाक्य त्यानं माझ्याकडून घोटून घेतलं: ‘हे राजन्, जल प्राशन कर. आता माझ्या छावणीत तुला मरणाचं भय नाही.’ दोन महिने आमच्या वाड्यावरच्या माडांच्या शेंड्यांवरून हे अभयदान ऐकू येत होतं. खाली शेजारणी वरती बघायच्या. मुसलमान राजा एवढा चांगला कशाला, असं देवस्थानच्या समितीतल्या कोणीतरी विचारलंच. मारुतीनं त्याला उलट विचारलं, की रावण आमच्या मंचावर दोन तास बोलतो, तेव्हा तुम्ही उठून गेलात का? प्रश्न मिटला.

जत्रेची रात्र ऑर्केस्ट्राला दिली होती, म्हणून दशावताराला दुपारचे चार मिळाले. उन्हात सगळ्यांचे रंग पिठासारखे दिसत होते. ख्रिस्ती राजा झालेल्या सतीशच्या डोक्यावर दुर्योधनाचा मुकुट, छातीवर जरीच्या काठाचा खुरीस. दोन्हीकडचं सैन्य तेच चार जण, फेटे बदलून. त्याला लोक हसले; हसण्यासारखंच होतं.

पण गोकुळदास आला आणि मंडप गप्प झाला. खोटं सांगत नाही. माडावर चढणाऱ्या माणसाचे पाय ते, जमीन धरून टाकत होता. आवाज पोटातून. अर्धा तास तो राजा होता. बाप राजा होणार म्हणून बोलावलेली सेजल दोन मुलांना घेऊन तिसऱ्या रांगेत बसली होती. आधी अंग चोरून, मग सरळ.

मग त्यानं पेला उचलला. माझाच होता, तांब्याचा.

मागून कोणीतरी ओरडलं, "हेच्यान गळो पण भिजाचो नाय!"

मंडप फुटला. गोकुळदास हात लांब करून तसाच उभा राहिला. पेला हलला नाही. सतीश तेवढं पाणी प्यायला असता, तर निभावलं असतं. पण कैदी राजा मुकुट सांभाळत खदखदत होता. गोकुळदासनं त्याच्याकडे पाहिलं, मग पहिल्या रांगेत माझ्याकडे. मी तोंडावर पदर धरला होता. खोकला नव्हता तो.

त्यानं एक डोळा मिटला.

पुढचा तासभर मी सांगत बसत नाही. दोन्ही राजे पेल्यासाठी कुस्ती खेळले, जेरुसलेम सोड्याच्या एका बाटलीवर विकलं गेलं, चारही सैनिकांना आपण कुठल्या बाजूचे ते आठवेना. एवढं खरं की त्या युद्धांचा याहून चोख सारांश मी पस्तीस वर्षांत दिला नव्हता. सेजल मध्येच उठली. मुलं हलेनात, आजोबांना बघून टाळ्या पिटत होती. त्यांना दंडाला धरून ओढत नेलं तिनं.

मारुतीला त्या हंगामात तीस प्रयोग मिळाले. आता गोकुळदास कायमचा राजा आहे. रोज पेला उचलतो, रोज डोळा मिटतो. सेजलला फोन केला की जावई उचलतो.

नंतर तो नारळ पाडायला आला, तेव्हा चिंचेनं घासून लख्ख केलेला पेला माझ्या हातात ठेवला. मी म्हटलं, गोकुळदास, पहिला अर्धा तास तू जे केलंस, तसा राजा मी कुठे पाहिला नाही.

"बाई, तुमी पण हसलात," तो म्हणाला. किती नारळ पडले ते सांगावं, तशा आवाजात. आणि माडाला भिडला.

खाली उतरला तेव्हा मी पेला भरून सोप्यापाशी उभी होते. त्यानं पिशवीतून प्लास्टिकची बाटली काढली, उभ्यानंच आपलं पाणी प्यायला, कोयता कमरेला लावला आणि निघाला. हल्ली दर वेळी बाटली आणतो.