प्रयागबाईच्या ओंजळीचं माप

निरवांगीच्या प्रयागबाईला संशयाची जुनी खोड. भेंडीच्या व्यापाऱ्यानं हसून रामराम केला, तरी ही आधी त्याच्या काट्याकडं बघणार. आणि सून निकिता तर बारामतीची, शिकलेली. मग काय विचारता! पोरगी एक दिवस चूल वेगळी मांडणार आणि सूरजला घेऊन बारामतीला जाणार, हीच म्हातारीला धास्ती. एकुलता एक लेक गेला तर घरात उरणार काय? भिंती, भेंडी आणि अर्धा बहिरा नवरा रावजी.

पुरावे काय थोडे होते? कांद्याच्या पोत्यामागं बिस्किटाचे पुडे सापडले होते. लपून खाते, म्हणजे वेगळं खायची सवय लावून घेते, दुसरं काय! त्यात रोज संध्याकाळी दार लोटून मोबाइलवर बोलणं. पोरांना इतिहास शिकवते म्हणे.

एकदा प्रयागबाई लसूण सोलायच्या निमित्तानं त्या दाराशीच टेकली. आतून निकिताचा आवाज आला.

“फ्रान्समधली क्रांती काही अचानक झाली नाही. राबणाऱ्यांनी कर भरायचे आणि सरदारांना माफी. राजांनी पावणेदोनशे वर्षं लोकांची सभाच बोलावली नाही. त्यात पाव महागला. शेवटी बायका राजवाड्यावर चालून गेल्या.”

बायका चालून गेल्या! अगं बया, हा तर घरातलाच बेत.

निकिता बाहेर येताच म्हातारीनं गाठलं. “कुणावर चालून जायचं ठरतंय गं?”

“आत्या, धडा हाय तो. लई जुना, दुसऱ्या देशाचा.”

“आन् राजाला आधी काय कळलं न्हाय व्हय?”

“कसं कळंल? तो कधी शेवटच्या पंगतीला बसलाच न्हाय.”

टोमणाच की हा! या घरात शेवटी कोण जेवतं, ते काय प्रयागबाईला माहीत नव्हतं? पण सगळ्यांची जेवणं झाल्यावर ही मागं काय उद्योग करते, ते तिनं कधी पाहिलं नव्हतं. “आज तू सासऱ्या-नवऱ्याबरोबर बस,” ती म्हणाली. “मी वाढते. मी जेवंन मागनं.”

रावजींनी भाकरी मागून घेतली, सूरजनंही घेतली. निकिताही पोटभर जेवली. मग प्रयागबाईनं टोपल्यावरचं फडकं उचललं. आत चतकोर तुकडा होता.

तिला आधी मांजराचा संशय आला, मग सुनेचा. मग नजर पिठाच्या डब्याकडं गेली. डब्याला दुसऱ्याचा हात लागलेला तिला चालत नसे. परातीत पीठ काढायचं ते तिच्याच ओंजळीनं. सून आली, घरात एक ताट वाढलं, पातेलं मोठं आणलं. ओंजळी मात्र तीन माणसांच्या होत्या, तेवढ्याच राहिल्या.

प्रयागबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी आवाज चढाच. “मग तोंड शिवलं हुतं का तुझं? सांगायचं न्हाय?”

“सांगितलं हुतं, आत्या. पहिल्याच महिन्यात. तुमी म्हणालात, जादा पीठ माहेरी धाडायचंय का?”

म्हातारीनं तो चतकोर उलटासुलटा करून टोपल्यात परत ठेवला.

“कांद्यामागं पुडा हाय का अजून?”

निकितानं आणून दिला. पहिलंच बिस्कीट प्रयागबाईच्या घशात अडकलं.

“पाणी दे,” ती म्हणाली. “आन् उद्यापास्नं पीठ तू काढ.”